मी समोर बसलो की पोरगी हरते

शिरोली_शिफ्ट
रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरच्या कसबा बावड्याचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे, एकवीस वर्षं झाली. त्याच्या आधी तालमीत होतो. पहाटे साडेतीनला उठून जोर-बैठका, मग मातीच्या हौद्यात उतरायचं, दुपारी झोप, संध्याकाळी परत लढती. जत्रांच्या मैदानात पाच हजार इनामाच्या जोडीपर्यंत, म्हणजे लढतीपर्यंत, गेलो होतो, तेवढ्यात गुडघा गेला. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या बघितलेल्या. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात आपली एक तरी जोड लागावी एवढीच इच्छा होती, ती राहिली. असो.

आता मुद्द्याचं. मुलगी १६ वर्षांची आहे, ५३ किलोत खेळते. अकराव्या वर्षी मीच तालमीत नेऊन सोडली. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या आधी उठून तीच उंबऱ्यावर बूट घालून बसायची. सरावात तिचा हात बघावा. राज्याला जाऊन आलेल्या दोघी तिच्याच तालमीत आहेत, त्यांना रोज धरून आपटते. आणि स्पर्धेत गेली की दुसरीच कोणतरी पोरगी मॅटवर उभी आहे असं वाटतं.

मागच्या दीड वर्षात पाच स्पर्धा झाल्या. चार ठिकाणी मी रजा टाकून गेलो, चारही ठिकाणी पहिल्याच कुस्तीत बाहेर. एकदा कंपनीत माल अर्जंट होता म्हणून डबल शिफ्ट पडली, मला जाता आलं नाही, तिथनं ही रौप्यपदक घेऊन आली. बायको म्हणते योगायोग. माझं मन ऐकत नाही.

परवाचं सांगतो. चार-शून्यानं पुढं होती. मिनीट-दीड मिनीट राहिलं असेल. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी गॅलरीतनं ओरडलो, पट काढ, पट! (म्हणजे पाय धरून खाली आण.) तिनं झेप घेतली, समोरचीनं पट अडवला, मागं गेली, आणि बघता बघता खांदे टेकवले. घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मी एवढंच म्हणालो की बारा हजार पाण्यात गेले, तर खिडकीकडं तोंड करून झोपल्याचं नाटक केलं.

मी काही कमी पडू देत नाही हो. म्हशीचं दोन लिटर दूध, बदाम, तूप, मॅटचे बूट, जाण्यायेण्याचा खर्च. सगळं तारखेवार वहीत लिहून ठेवतो, म्हणजे कुठं हयगय व्हायला नको. गेल्या वर्षाची बेरीज एक लाख अडतीस हजार झाली. विभागाला पदक आणलं तर नवा मोबाईल देतो म्हणून पण सांगितलंय. तरी पोरीला आतनं जी ईर्षा लागते ती पेटत का नाही? माझ्या पाठबळात नेमकं कमी काय पडतंय, ते जाणकारांनी सांगावं. गोड बोलायची गरज नाही.


माजी_मल्ल_साठीपार
पहाटे ४:४०

ईर्षा विकत मिळत नाही. आमच्या वेळी वस्तादाची काठी होती, मोबाईल नव्हता. तुम्ही लाड करताय.

खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. १९४८ ला लंडनला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. माणसानं ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते. डोक्यावर दुसऱ्याच्या घराचं ओझं होतं म्हणून आलं. पोरांना खर्च कळलाच पाहिजे. वही लिहिताय ते बरोबर करताय, उलट तिच्याकडनंच लिहून घ्या.


दहा_पूर्णांक_नऊ
सकाळी ९:१५

दादा, तुम्ही गोड बोलू नका म्हणालात म्हणून लिहिते.

मी कोल्हापूरचीच. सात वर्षं रायफल चालवली, राज्यापर्यंत गेले, आता बँकेत आहे. आपल्या गावात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत झाल्या, त्यामुळं एका पिढीतल्या पोरींना बंदूक हातात घेण्यात काही वेगळं वाटेनासं झालं. त्यातलीच मी एक.

माझे बाबा प्रत्येक मॅचला यायचे. रेंजवर नेमबाजाच्या मागं प्रेक्षक बसतात, म्हणजे मला ते दिसायचे नाहीत. पण ऐकू यायचे. प्रत्येक शॉटनंतर त्यांच्या पेनाचं टोपण वाजायचं, कारण ते स्कोअर लिहून घ्यायचे. चांगला लागला तर लगेच टिक, वाईट लागला की जरा थांबून टिक. त्या थांबण्यावरनं मला मॉनिटर न बघता कळायचं की नऊ लागलाय, दहा नाही. नंतर नंतर मी ट्रिगर दाबायच्या आधीच तो आवाज ऐकायला लागले. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्यानं मारताना, आधीच बंदूक हलत असते, ठोका चुकला तरी शॉट जातो. त्यात कान मागं लावून कोण मारणार?

आई एकदाच आली होती, सांगलीला. तिला दहा म्हणजे काय आणि दहा पूर्णांक नऊ (एका शॉटला त्याहून जास्त मिळत नाहीत) म्हणजे काय, काहीच माहीत नव्हतं. मी बाहेर आले तर म्हणाली, भूक लागली का, भाकरी आणलीय. माझा त्या वर्षातला सगळ्यात चांगला स्कोअर त्या दिवशीचा आहे. आता यावर बायकोसारखं तुम्हीही योगायोग म्हणालात तर मी भांडणार नाही.

२०२४ मध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभ्यानं) ४५१.४ मारून ब्राँझ आणलं, तेव्हा मी बँकेत काउंटरखाली मोबाईल धरून बघत होते. नंतर पेपरात दोन गोष्टी आल्या. एक, तो म्हणाला की फायनलमध्ये स्कोअरबोर्डकडं बघितलंच नाही, श्वासावर लक्ष ठेवलं. दुसरी, घरच्यांनी त्याला आदल्या दिवशी फोनसुद्धा केला नव्हता. ही दुसरी गोष्ट वाचून मी रडले होते. पोरगा ऑलिंपिक फायनलला उभा आणि आईबाप फोन करत नाहीत, हे किती जड गेलं असेल. ते पण पाठबळच की. वहीत लिहिता येत नाही एवढंच.

एक विचारते. तुमची ती वही मुलीला माहीत आहे का?


शिरोली_शिफ्ट
दुपारी २:०५

वही टीव्हीच्या वरच्या फळीवर असते. सगळ्या घराला माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काय आहे? महिन्याच्या शेवटी मी बेरीज मोठ्यानंच वाचतो.


रंकाळ्याचा_मासा
दुपारी २:३०

मोठ्यानं वाचता? 🙏


पीटीचा_मास्तर
रात्री ८:२०

शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. क्रीडा मानसशास्त्र एम.पी.एड.ला होतं, तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं, नंतर पोरांमुळं परत उघडावं लागलं. दादा, लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी मोबाईलचं. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं ठेवून लांबून बघितलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांना काही फरक पडला नव्हता. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, सौद्याचा आहे. तुमची पोरगी उंबऱ्यावर बूट घालून बसायची तेव्हा तिला कुणी मोबाईल कबूल केला नव्हता.

डेसी आणि रायन या दोघांनी पुढं यावर आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं, की आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात. हे मी माझ्या मर्जीनं करतोय, हे मला जमत चाललंय, आणि माझी माणसं माझ्याजवळ आहेत. यातलं दुसरं तुमच्या पोरीकडं भरपूर आहे, राज्याच्या पोरींना धरून आपटते म्हणालात. तिसरं पण आहे, नाहीतर चार-शून्यावर तिनं तुमच्याकडं बघितलं नसतं. गडबड पहिल्यात आहे. चार गुण तिनं स्वतःच्या डोक्यानं घेतले. पट तुमचा होता.

आणि ज्याला तुम्ही ईर्षा म्हणता त्यात एक फसवी गोष्ट असते, ती मला शिकवताना रोज दिसते. काही पोरं आतनं पेटलेली वाटतात, पण आत बसलेला आवाज दुसऱ्याचाच असतो. हरलो तर बापाला तोंड कसं दाखवू, आईनं दागिना मोडला त्याचं काय. बाहेरनं बघितलं तर जिद्दच वाटते. सरावाला अशी पोरं कधी चुकत नाहीत. स्पर्धेत मात्र डाव टाकायच्या क्षणी डोकं निकालावर गेलं की शरीराला पाठ झालेली हालचालसुद्धा अडखळते. जिना उतरताना पायांकडं बघत उतरलं की ठेचकाळतो तसं. सरावात बेरीज कुणी वाचत नाही, म्हणून तिथं तिचा हात मोकळा चालतो.

माजी मल्ल काकांना आदरानं सांगतो, खाशाबांचं उदाहरण बरोबर आहे पण त्याचा अर्थ वेगळा लागतो. खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं, पदक आणलंस तरच, अशी अट घातली नव्हती. आणि खाशाबांची भूक घर गहाण पडल्यावर लागलेली नाही. लंडनला सहावे आल्यावर पुढची चार वर्षं त्यांनी मॅटवरची कुस्ती घोटली, ते त्या सात हजारांच्या आधीचं आहे. परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्या करून त्यांनी ते पैसे फेडले म्हणतात. कर्ज पैशाचं होतं, ते पैशानं फिटलं. पोरीच्या डोक्यावरचं कर्ज कशानं फिटणार आहे? एक लाख अडतीस हजार ती कुठल्या पदकानं आणून देईल?

बाहेरची कारणं वाईटच असतात असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. आपल्याकडं निम्मी पोरं खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातनं नोकरी लागावी म्हणून घाम गाळतात आणि त्यातली कितीतरी उत्तम खेळतात. पोरानं ते कारण स्वतःचं म्हणून उचललं असेल तर चालतं. वरनं ठेवलं असेल तर मान वाकते.

आता पाठबळ. ते एकच एक नसतं. पैसा-दूध-बूट हे एक. डाव सांगणं हे दुसरं. मन ऐकून घेणं हे तिसरं. आणि तू जमवशील असा भरवसा दाखवणं हे चौथं. तुम्ही पहिलं डोंगराएवढं देताय, दुसरं गॅलरीतनं ओरडून देताय, जे खरं तर कोपऱ्यात बसलेल्या कोचचं काम आहे. तिसऱ्या-चौथ्याबद्दल तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ नाही. मी परत वाचून बघितली.

जास्त बोललो असेन तर माफ करा. माझ्या स्वतःच्या मुलानं दहावीत क्रिकेट सोडलं, त्याचं कारण मी आहे, ते मला दोन वर्षांनी कळलं. म्हणून लिहिलं.


लाल_माती_निळी_मॅट
रात्री १०:१०

काका मी २१ वर्षांची आहे, कुस्तीच करते. सरांनी पुस्तकातलं सांगितलं, मी मॅटवरचं सांगते.

कुस्ती चालू असताना पन्नास जण ओरडत असतात. आपण एकच आवाज ऐकायला शिकलेलो असतो, कोपऱ्यातला. पण बापाचा आवाज हा नको म्हटला तरी कानात शिरतो, तो आपण जन्मल्यापासनं ऐकतोय ना. दोन आवाज दोन डाव सांगायला लागले की पाय एका डावाला जातात आणि हात दुसऱ्या. तुमचा पट कदाचित बरोबर पण असेल. पण मातीतला माणूस मॅटवर सांगतो तेव्हा घोळ होतो. मातीत तुम्ही निकाली लढायचा, म्हणजे कुणीतरी चीत होईपर्यंत, वेळ पडली तर अर्धा तास. मॅटवर दोन-तीन मिनिटांचे दोन राउंड, त्यात चार-शून्यानं पुढं असलेल्या पोरीला शेवटच्या मिनिटात पटात झेपायची गरजच काय? समोरचीला येऊ द्यायचं. हे तुमच्या पोरीला माहीत असणार हो. माहीत असूनही तिनं तुमचं ऐकलं.

आणि वजन. ५३ ची आहे म्हणता, तिचं खरं वजन किती असतं ते विचारलंय कधी? स्पर्धेच्या सकाळी वजन असतं. आदल्या रात्री आमच्या घरात एकदा पाहुणे आले म्हणून तांबडा-पांढरा केला होता, वास गल्लीच्या टोकापर्यंत. मी आतल्या खोलीत जीभ चावत बसलेली, पाणी पण मोजून. पप्पा म्हणाले, दोन घास खा, ताकद येईल. मी भांडे फेकले होते त्या दिवशी. माझा धाकटा भाऊ मात्र उठला आणि माझ्यासोबत उपाशी बसला. नंतर समजलं की त्यानं मागच्या दारानं खाल्लं होतं, पण ते जाऊ दे.

अजून एक. पाळीच्या दिवसात स्पर्धा आली तर तिला ते घरात कुणाला सांगता येतं का? माझ्या तालमीत सगळे पुरुष, घरी बाप माजी पैलवान. मी दोन वर्षं कुणाला बोलले नाही, एका स्पर्धेत चक्कर येऊन पडले तर सगळे म्हणाले स्टॅमिना नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. बदाम ढिगानं खात होते. कुणी विचारलंच नव्हतं. काकूंना सांगा विचारायला, किंवा तुम्हीच विचारा, जग बुडत नाही.

तिला सरळ विचारा, पुढच्या स्पर्धेला मी काय करू. ती सांगेल ते करा. हसू नका फक्त.


रंकाळ्याचा_मासा
रात्री ११:००

मी पोहायचो. वडील स्टॉपवॉच घेऊन काठावर. एकोणिसाव्या वर्षी सोडलं, कुणाला कारण सांगितलं नाही.

आपला वीरधवल खाडे आठवा. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक. २०१० ला आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ. मग तहसीलदार झाला. सरकारी खुर्ची मिळाल्यावर आपल्याकडं माणूस पाण्यात कशाला परत उतरेल? तो उतरला. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलला चौथा आला, ब्राँझ एका शतांश सेकंदानं हुकलं. एक शतांश! तेव्हा माझे मित्र म्हणत होते की बिचारा. मला त्याचा हेवा वाटला. मला ज्या पाण्याचा वीट आला होता त्यात तो कुणी ढकलल्याशिवाय परत गेला होता.

आता मी रोज सकाळी पोहतो. मनगटाला घड्याळ बांधत नाही.


माजी_मल्ल_साठीपार
पहाटे ४:३५

सगळं वाचलं. नव्या पोरांना जास्त कळतं, मान्य. मास्तर, तुमचा मुद्दा पटला नाही पण खोडता पण येईना.

एक आठवलं म्हणून लिहितो. मी काठी काठी म्हणालो. वस्ताद मारायचे ते सरावात, जोर चुकवला की. मैदानात हरून आलो की एक शब्द बोलत नसत. कागलजवळच्या एका मैदानात मी दोन मिनिटात चितपट झालो होतो, गावातली दोनशे माणसं ट्रकनं आलेली, तोंड लपवून तालमीत येऊन पडलो. रात्री वस्ताद आले, तेलाची वाटी घेऊन. स्वतः अंग रगडलं माझं. खांदा दुखतोय का एवढंच विचारलं. सकाळी परत काठी होतीच. काठी लक्षात राहिली आणि तेल विसरलो होतो, चाळीस वर्षं.

पोरीला तेल लावायला सांगत नाही मी. तुम्हाला कळलं असेल.


शिरोली_शिफ्ट
(दोन महिन्यांनी) रात्री १२:२०

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला. मधे आठ दिवस तर मी इकडं फिरकलोच नव्हतो, राग आला होता. विशेष करून वहीवरनं. एकवीस वर्षं भट्टीजवळ उभं राहून पोरीसाठी करायचं आणि चार अनोळखी माणसांनी तुमचंच चुकतंय म्हणायचं. बायकोला वाचून दाखवलं, तर ती भाजी निवडत म्हणाली, हे मी किती वेळा सांगितलं तुम्हाला. तिनं कधी सांगितलं ते मला आठवत नाही.

मग एका रविवारी पोरीला विचारलं. सरळ जमेना. दूध काढताना विचारलं, म्हशीकडं बघत. पुढच्या स्पर्धेला मी काय करू? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पप्पा, तुमी याच. पण आत नको. बाहेर थांबा. आत कोण हाय ते मी बघतो."

येऊ नका म्हणाली असती तर सोपं होतं. या पण बघू नका, हे काय झेपेना. तरी गेलो. हॉलच्या बाहेर चहाची गाडी होती, तिथं दोन तास उभा होतो. आत शिट्टी वाजली की पोटात गोळा. माईकवरनं नावं पुकारायचे पण नीट ऐकू यायचं नाही. चार चहा झाले. गाडीवाला म्हणाला, पैलवान, आत जावा की. म्हटलं, मला बंदी आहे.

पहिली कुस्ती जिंकली. दुसरी सहा-पाचनं हरली. पदक नाही. ज्यांना वाटलं असेल की मी बाहेर थांबलो म्हणून सोनं येईल, त्यांना सांगतो, तसं काही झालं नाही. मला पण आतल्या आत तसंच वाटत होतं.

पण परत येताना पेठ नाक्यावर गाडीत बसली ती बोलायलाच लागली. दुसऱ्या कुस्तीत तिचा हात कुठं अडकला, समोरची डाव्या पायावर कशी उभी राहायची, दुसऱ्या राउंडला तिनं तो पाय कसा ओळखला पण पोचायला उशीर झाला. किणी टोलनाक्यापर्यंत थांबली नाही. माझं बोट दोन वेळा वर आलं, असं करायला पाहिजे होतं म्हणून, दोन्ही वेळा मी गिअरवर हात ठेवला. गाडी मित्राची होती, तो हसत होता.

लाल माती ताई, तुमचं बरोबर होतं. तिचं एरवीचं वजन साडेपंचावन्न असतं. मला माहीतच नव्हतं, मी वहीत दूध लिहीत होतो. रक्त तपासून घेतलं, हिमोग्लोबिन दहा पूर्णांक दोन आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. बाकीचं बायकोनं विचारलं. कोचनी ५७ मध्ये खेळवून बघू म्हटलंय. मी हो किंवा नाही काहीच म्हणालो नाही, तिला विचारा म्हटलं. तिनं अजून ठरवलेलं नाही.

वहीचं म्हणाल तर जाळली वगैरे नाही. खर्च लिहावा लागतो, हप्ते आहेत, दोघांचा पगार नाही घरात. आता ती माझ्या कंपनीच्या बॅगेत असते आणि बेरीज कॅन्टीनमध्ये करतो. मोबाईलचं मीच काढलं, पदक नसलं तरी बारावीला घेऊ म्हटलं. ती म्हणाली बरं. फार काही आनंद झाला असं दिसलं नाही, पोरींचं कळत नाही.

माजी मल्ल काका, हरून आली त्या रात्री मी तिला खांदा दुखतोय का विचारलं. ती म्हणाली, "न्हाई, बूट चावतंय." सहा नंबर घट्ट होतोय आणि सात सैल. कुणाला कोल्हापुरात मॅटचे बूट साडेसहात मिळणारं दुकान माहीत असेल तर कळवा.